व्हिडिओ गेम : धंदा आणि गिऱ्हाईक



नफ्याच्या इच्छेनें मालाचा कस वाढतो कीं घटतो, हा वाद फार जुना आहे. पेठेंतल्या कापडदुकानापासून छापखान्यापर्यंत कोठेंहि तो उपस्थित करितां येईल. आज मी तो अशा एका धंद्याच्या आधारें मांडणार आहें, कीं जो माझ्या विद्यार्थ्यांना माझ्यापेक्षां शतपटीनें अधिक ठाऊक आहे. तो धंदा व्हिडिओ गेमचा. मला स्वतःला हे खेळ खेळतां येत नाहींत. परंतु त्यांचा इतिहास मीं आवडीनें वाचला आहे. आणि इतिहासाच्या शिक्षकाला त्यांत एक मोठी सोय दिसते. उदय, उत्कर्ष, ऱ्हास आणि पुनरुज्जीवन या ज्या अवस्थांना एखाद्या राजघराण्याला दोनशें वर्षें लागतात, त्या या धंद्यानें एखादा मुलगा पहिलींतून मॅट्रिकला जाईपर्यंत उरकल्या.

या हकीकतीचा आरंभ अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांत होतो. १९७२ सालीं नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी या दोघांनीं अटारी नांवाची कंपनी काढली. त्यांच्या पदरीं अॅलन अल्कॉर्न नांवाचा तरुण इंजिनियर होता. त्यानें 'पाँग' हा खेळ तयार केला. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्यें टोलविला जाणारा एक ठिपका, एवढेंच त्याचें स्वरूप. हें यंत्र सनीव्हेल गांवच्या एका मद्यगृहांत ठेवलें. थोड्याच दिवसांत तें बिघडल्याची तक्रार आली. अल्कॉर्ननें जाऊन उघडून पाहिलें, तों यंत्रांत बिघाड असा कांहींच नव्हता. नाण्यांची पेटी इतकी भरली होती कीं नवें नाणें आंत जाण्यास जागाच उरली नव्हती. ही हकीकत अल्कॉर्ननें स्वतःच सांगितलेली आहे.

या पेटीकडे आपण थोडें निरखून पाहूं. खेळणारा पंचवीस सेंटांचें नाणें टाकी आणि दोनचार मिनिटें खेळे. खेळ आवडला तर दुसरें नाणें टाकी, न आवडला तर उठून जाई. आठवड्याच्या अखेरीस दुकानदार पेटी उघडून नाणीं मोजी, आणि नाणीं थोडीं निघालीं तर यंत्र परत पाठवी. म्हणजे गिऱ्हाइकाचें समाधान झालें कीं नाहीं, याचा निकाल दर दोनचार मिनिटांनीं लागत असे, आणि तो निकाल मालकाला हातांत घेऊन मोजतां येत असे. येथें नफा आणि समाधान एकाच पेटींत पडत होतें. तथापि हें चित्र अगदींच सोज्ज्वळ होतें असें मात्र समजूं नये. एका नाण्यावर तासभर खेळणारा निष्णात मुलगा दुकानदाराला नकोसा होई. म्हणून खेळ उत्तरोत्तर कठीण करण्याकडे कारखानदारांचा कल असे. तरी तेवढा कठीणपणा मुलांना मानवत असे, किंबहुना त्यांतच त्यांना गोडी वाटे.

पुढें हा खेळ मद्यगृहांतून घरांत आला आणि तेथें सगळा हिशेब पालटला. १९७६ सालीं वॉर्नर कम्युनिकेशन्स या बड्या कंपनीनें सुमारें २ कोटी ८० लाख डॉलरांना अटारी विकत घेतली. १९७७ सालीं दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचें घरगुती यंत्र १९९ डॉलरांना बाजारांत आलें. यंत्र एकच, खेळ मात्र निरनिराळ्या कॅसेटींतून घालावयाचे. (आपल्याकडील मुलें तिला कॅसेटच म्हणत, म्हणून मीहि तोच शब्द वापरतों.) त्या यंत्राची चालू स्मरणशक्ति अवघी १२८ बाइटांची होती. म्हणजे पोस्टकार्डावरील चार ओळींत जेवढीं अक्षरें मावतील, तेवढींच त्याला एका वेळीं ध्यानांत ठेवतां येत. अशा साधनांतून मनोरंजक खेळ घडविणें हें खऱ्या कारागिराचें काम होतें.

पण गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें मोठा फरक निराळाच होता. आतां पैसे आधीं द्यावयाचे आणि खेळ मागाहून पाहावयाचा. कॅसेटीचें खोकें बंद. त्यावर नामांकित चित्रकारांनीं काढलेलें झगझगीत चित्र. आंत मात्र चारदोन रंगीत चौकोन. पैसे बाप देणार आणि खेळणार मुलगा. आम्हां शिक्षकांना हा प्रकार अपरिचित नाहीं. परीक्षेच्या मोसमांत गाईडें विकलीं जातात तीं आंतील उत्तरें पाहून नव्हे, तर वेष्टनावरील आश्वासन पाहून. आणि चुकीचें उत्तर सांपडतें तें परीक्षा झाल्यावर. ज्या व्यवहारांत पसंतीच्या आधीं दाम चुकता होतो, तेथें विक्रीच्या आंकड्यावरून मालाचा कस ओळखूं पाहणारा मालक फसतो. अटारीचे मालक असेच फसले.

१९७८ सालीं बुशनेल बाहेर पडला आणि रे कॅसार नांवाचे गृहस्थ मुख्याधिकारी झाले. हे पूर्वीं कापडाच्या धंद्यांत मुरलेले. हिशेबांत चोख, विक्रींत हुशार. त्यांच्या काळांत कंपनीचा नफा झपाट्यानें वाढला हें कबूल केलें पाहिजे. परंतु खेळ रचणाऱ्यांचें नांव खोक्यावर घालण्यास त्यांची ना होती, आणि विक्रींतला वांटा देण्यासहि. वॉरन रॉबिनेट नांवाच्या एका रचनाकारानें तर आपल्या 'अॅडव्हेंचर' या खेळांत एक गुप्त खोली करून तिच्यांत स्वतःचें नांव लपवून ठेवलें, आणि तो नोकरी सोडून गेला तोंपर्यंत मालकांना त्याचा पत्ता नव्हता! आपल्याकडे मंदिराच्या शिल्पकाराचें नांव कोठें असतें, असें कोणी म्हणेल. पण शिल्पकाराच्या छिन्नीवर दरसाल कोणी कोट्यवधि डॉलर मिळवीत नव्हतें.

डेव्हिड क्रेन, अॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन या चौघांनीं हिशेब मांडून पाहिला, तेव्हां कंपनीच्या कॅसेटविक्रीचा फार मोठा भाग आपल्याच खेळांचा आहे असें त्यांना दिसून आलें. ते मालकांकडे गेले. कारखान्यांत कॅसेटी जुळविणाऱ्या कामगाराहून तुमचें महत्त्व अधिक नाहीं, अशा अर्थाचें उत्तर मिळाल्याचें क्रेन यांनीं पुढें अनेकदां सांगितलें आहे. १९७९ सालीं त्यांनीं जिम लेव्ही या व्यवस्थापकाच्या साह्यानें अॅक्टिव्हिजन ही कंपनी स्थापन केली, आणि अटारीच्याच यंत्रासाठीं कॅसेटी काढावयास प्रारंभ केला.

माझ्या मतें या सर्व इतिहासांतील अत्यंत बोधप्रद प्रकरण हेंच. कारण हीं मंडळीं कांहीं संन्यासी नव्हतीं. तींहि नफ्याकरितांच निघालीं होतीं. पण त्यांनीं नफ्याची वाट निराळी आंखली. प्रत्येक खेळावर रचनाकाराचें नांव घातलें, सोबतच्या पुस्तिकेंत त्याचें छायाचित्र छापलें आणि खेळणाऱ्यांशीं पत्रव्यवहार ठेवला. अमुक गुण मिळविलेत तर पडद्याचें छायाचित्र काढून पाठवा, आम्ही कापडी बिल्ला पाठवूं, असें त्यांनीं जाहीर केलें. आणि हजारों मुलांनीं तशीं छायाचित्रें पाठविलीं. मद्यगृहांतली नाण्यांची पेटी हरवली होती, ती या पत्रांच्या रूपानें त्यांनीं पुन्हां मिळविली असें म्हणावयास हरकत नाहीं. खेळणाऱ्याला काय आवडतें हें त्यांना विक्रीनंतरहि कळत राहिलें. १९८२ मध्यें क्रेनचा 'पिटफॉल' हा खेळ निघाला व त्याच्या चाळीस लाखांवर प्रती खपल्या.

अटारीनें अॅक्टिव्हिजनवर फिर्याद केली होती. ती १९८२ सालीं तडजोडीनें मिटली. त्यामुळें अटारीच्या यंत्रासाठीं परक्यांनीं कॅसेटी काढण्याचा मार्ग मोकळा झाला. चार उत्तम कारागिरांमागून चाळीस हौशे-गवशे आंत शिरले. ओटाचें पीठ विकणाऱ्या क्वेकर ओट्स कंपनीनें व्हिडिओ गेमचें खातें उघडलें. कुत्र्यांच्या खाण्याच्या एका कारखान्यानें आपल्या मालाचीं वेष्टनें पाठविणारांना एक खेळ बक्षीस देऊं केला, आणि त्या खेळांतहि कुत्राच खाण्याच्या गाडीमागें धांवत असे. पिठाच्या व्यापाऱ्यानें खेळ काढूं नये असें मी म्हणत नाहीं. पण या मंडळींना खेळ म्हणजे काय हें जाणून घेण्याची गरजच भासली नाहीं, कारण त्या वर्षीं कांहींहि खपत होतें.

खुद्द अटारीचीहि तीच समजूत झाली. जपानच्या नामको कंपनींतील तोरू इवातानी यांनीं रचलेल्या 'पॅक-मॅन' या खेळानें सार्वजनिक यंत्रांवर धुमाकूळ घातला होता. त्याची घरगुती आवृत्ति टॉड फ्राय या एकट्या तरुणाकडून करवून घेऊन मार्च १९८२ मध्यें बाजारांत आणली. मुळांतील चार भुतें एकदम दाखविण्याची ताकद त्या यंत्रांत नव्हती; म्हणून तीं पाळीपाळीनें दाखवावीं लागलीं, आणि तीं सारखीं लुकलुकत राहिलीं. रंग निराळे, आवाज निराळा. तरी सत्तर लाखांच्या आसपास प्रती खपल्या. हिशेबाच्या वहींत हा विजय ठरला. परंतु ज्या घरांत ती कॅसेट गेली, तेथें एक मुलगा हिरमुसला होऊन बसला होता. आणि त्याची नोंद कोणत्याच वहींत झाली नाहीं.

यानंतरचें प्रकरण 'ई.टी.' या खेळाचें. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा त्याच नांवाचा चित्रपट जून १९८२ मध्यें प्रदर्शित झाला आणि अपूर्व गाजला. त्याचे हक्क वॉर्नरनें मिळविले. त्यासाठीं दोन ते अडीच कोटी डॉलर दिल्याचें तेव्हांच्या वृत्तांवरून समजतें. पण बोलणीं संपावयास जुलैची अखेर उजाडली. नाताळापूर्वीं माल दुकानांत हवा, म्हणजे खेळ १ सप्टेंबरला तयार हवा. हें काम हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांच्यावर सोपविण्यांत आलें. त्यांच्या पूर्वींच्या 'यार्स रिव्हेंज' या नांवाजलेल्या खेळाला सुमारें सात महिने लागले होते. येथें त्यांना पांच आठवडे मिळाले. त्यांनीं घरींहि यंत्र बसवून घेतलें आणि ठरल्या दिवशीं काम पुरें केलें. एरवीं मुलांच्या हातीं देऊन खेळ पारखण्याचा जो प्रघात होता, त्याला या वेळीं फांटा मिळाला.

त्या खेळांतील प्राणी जागोजागीं खड्ड्यांत पडे. मान ताणून वर यावें, कीं कडेवरून पाऊल चुकून पुन्हां खालीं. नाताळांत भेट मिळालेल्या आठनऊ वर्षांच्या मुलाला आपण काय चुकतों आहों हेंच उमजेना. कित्येक लोक या खेळाला जगांतील सर्वांत वाईट खेळ म्हणतात आणि त्याचें पाप वॉर्शॉ यांच्या माथीं मारतात. हा शुद्ध अन्याय आहे. पांच आठवड्यांत एकट्यानें खेळ पुरा केला, हें त्यांच्या कर्तबगारीचें लक्षण. दोष असेल तर चित्रपटाच्या नांवावरच माल खपेल, खेळाकडे पाहतो कोण, असा हिशेब करणाऱ्यांचा. सुमारें चाळीस लाख प्रती काढण्यांत आल्या, आणि त्यांचा मोठा भाग वखारींत पडून राहिला किंवा दुकानांतून परत आला.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतल्यावांचून पुढचा अनर्थ समजणार नाहीं. मागणी मोठी आणि माल थोडा, अशा स्थितींत १९८१ च्या ऑक्टोबरांत अटारीनें आपल्या घाऊक व्यापाऱ्यांना पुढील सबंध वर्षाची मागणी एकदम नोंदविण्यास सांगितलें होतें. मागाल तेवढें मिळत नाहीं हें व्यापाऱ्यांना ठाऊक. तेव्हां त्यांनीं गरजेहून कितीतरी अधिक आंकडे लिहून दिले. अटारीनें ते आंकडे खरे धरून कारखाने चालविले. म्हणजे लाखों कॅसेटी ज्या गिऱ्हाइकासाठीं तयार झाल्या, तें गिऱ्हाईक केवळ कागदावर होतें. १९८२ मध्यें इतरांचा माल आला तशा या मागण्या भराभर रद्द होऊं लागल्या.

७ डिसेंबर १९८२ रोजीं वॉर्नरनें जाहीर केलें कीं, अटारीची वाढ अपेक्षेप्रमाणें शेंकडा पन्नास न होतां दहापंधराच होईल. दुसऱ्याच दिवशीं वॉर्नरच्या शेअरचा भाव सुमारें एकतृतीयांशानें कोसळला. हें जाहीर होण्यापूर्वीं अवघीं तेवीस मिनिटें आधीं कॅसार यांनीं आपले पांच हजार शेअर विकले होते. त्याची सरकारी चौकशी झाली. दोष कबूल न करितां त्यांनीं मिळालेला नफा परत केला, आणि जुलै १९८३ मध्यें ते पायउतार झाले.

मग दुकानांतून जें घडलें तें अर्थशास्त्राच्या पुस्तकांत घालण्यासारखें आहे. लहानसहान कंपन्यांचा माल खपेना. त्यांना तो परत घेण्याचें त्राण नव्हतें, आणि कित्येकींनीं तर दिवाळेंच काढलें. दुकानदारांनीं तीसपस्तीस डॉलरांच्या कॅसेटी टोपल्यांत भरून पांच डॉलरांना विकावयास काढल्या. अॅक्टिव्हिजनचा उत्तम खेळ पस्तीस डॉलरांना फळीवर, आणि शेजारीं टोपलींत पांच डॉलरांचा खेळ. खोकीं दोन्ही सारखींच देखणीं. बाप अर्थातच पांच डॉलरांचा उचली. घरीं मुलगा तो दहा मिनिटें खेळे आणि टाकून देई. आणि पुढच्या वेळीं बाप पांचहि डॉलर देत नसे. खोटें नाणें खरें नाणें बाजारांतून हांकून लावतें म्हणतात, तसेंच हें झालें. त्यांतच घरगुती संगणक स्वस्त झाले व पुष्कळांनीं खेळाच्या यंत्राऐवजीं तेच घेतले. अटारीनें १९८३ मध्यें सुमारें ५३ कोटी ६० लाख डॉलर गमावले. अमेरिकेंतील घरगुती व्हिडिओ गेमची विक्री १९८३ मध्यें ३२० कोटी डॉलरांच्या घरांत होती, ती १९८५ मध्यें १० कोटींवर आली, असा आंकडा सामान्यतः देण्यांत येतो. चांगले आणि वाईट सारेच बुडाले.

हा धंदा पुन्हां उभा केला तो जपानांतील निन्टेंडो या कंपनीनें. १८८९ सालीं क्योटो शहरांत पत्ते तयार करण्यासाठीं निघालेली ही पेढी. १९८३ सालीं तिनें जपानांत आपलें यंत्र आणलें, तेव्हां पहिल्या खेपेंतल्या कांहीं यंत्रांत दोष निघाला. त्यावेळचे प्रमुख हिरोशी यामाउची यांनीं माल परत बोलावून दुरुस्त करून दिला. १९८५ मध्यें कंपनी न्यूयॉर्कला आली, तों दुकानदार व्हिडिओ गेम हें नांवसुद्धां ऐकून घेईनात. म्हणून यंत्राला व्हिडिओ टेप चालविणाऱ्या यंत्राचें रूप दिलें, सोबत एक यंत्रमानव दिला, आणि दुकानदारांना सांगितलें कीं माल ठेवा, पैसे नव्वद दिवसांनीं द्या, उरेल तो आम्ही परत नेऊं. यंत्रांत तिनें एक कुलूप घातलें. तिच्या परवानगीची चकती ज्या कॅसेटींत नाहीं, ती त्या यंत्रांत चालूंच नये अशी ही योजना. बाहेरच्या कंपनीला वर्षाला पांचांहून अधिक खेळ काढतां येत नसत. कॅसेटी निन्टेंडोच तयार करी आणि त्यांचे पैसे आगाऊ घेई. खोक्यावर पसंतीची सोनेरी मुद्रा असे. अडलेल्या मुलांनीं टेलिफोन करावा आणि खेळांतली वाट विचारावी, यासाठीं खास माणसें नेमलेलीं होतीं.

पांचच खेळ काढावयाचे म्हटल्यावर कारखानदार निवडून काढूं लागले, आणि खेळांचा कस वाढला यांत शंका नाहीं. पण या मुद्रेचें फार कौतुक करण्याचेंहि कारण नाहीं. ती लावलेले कंटाळवाणे खेळ कांहीं थोडे नव्हते. कोनामी कंपनीनें तर दुसऱ्या नांवानें आणखी एक कंपनी काढून पांचांची मर्यादा ओलांडली. शिवाय आगाऊ पैशांमुळें माल न खपल्याचा तोटा दुसऱ्याचा आणि नफा निन्टेंडोचा, अशी ती व्यवस्था होती. यंत्राची किंमत उतरवूं नये म्हणून दुकानदारांवर दडपण आणल्याचा आरोप तिच्यावर आला, आणि १९९१ सालीं तडजोड झाली. त्या तडजोडींत गिऱ्हाइकांना काय मिळालें? पांच डॉलर सवलतीचें कुपन. आणि तें निन्टेंडोच्याच मालावर चालणारें!

आपल्या देशांत हें यंत्र पुष्कळ ठिकाणीं पोंचलें तें नकलेच्या रूपानें, १९९० नंतरच्या दशकांत. कॅसेटीवर '९९९९ इन १' असें छापलेलें असे. माझ्या वर्गांतील एका मुलानें वहींत यादी करून मला दाखविली होती. थोडे खेळ झाले कीं पुन्हां तेच खेळ नांवें बदलून येत. गणिताच्या तासाला मीं ती यादी फळ्यावर घातली होती. गंमत अशी कीं, या फसवणुकीनंतरहि मुलें असंतुष्ट नव्हतीं. कारण त्या थोड्या खेळांत 'मारिओ' होता. त्या विक्रींतून मूळ रचनाकाराला पैहि मिळाली नसेल. पण त्याच्या कारागिरीवर नकल करणारांचें मात्र चांगलें पोट भरलें.

अलीकडच्या काळाविषयीं थोडक्यांत सांगतों. मोबाइलवरील पुष्कळसे खेळ आतां फुकट मिळतात, आणि नाण्यांची पेटी पुन्हां अवतरली आहे. मात्र आतां ती उघडते मुलगा अडून चिडलेला असेल त्याच क्षणीं. पैसे देऊन बंद पेटी उघडावयाची आणि आंत काय निघेल तें दैवावर, या प्रकाराला बेल्जियमनें २०१८ सालीं जुगारांत जमा केलें. दुसरीकडे पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीचा 'सायबरपंक २०७७' हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजीं निघाला. ऐंशी लाख लोकांनीं तो न पाहतांच आगाऊ घेतला होता. परीक्षकांना आधीं केवळ संगणकावरची आवृत्ति दाखविली होती. जुन्या घरगुती यंत्रांवर तो इतका अडखळे कीं आठवड्याभरांतच सोनी कंपनीनें तो आपल्या दुकानांतून काढून टाकला आणि पैसे परत दिले. तो पुन्हां विक्रीस आला जून २०२१ मध्यें, आणि त्याची दुरुस्ती पुढें कैक महिने चालली. १९८२ सालच्या मुलाला ही दुरुस्तीची सोय नव्हती. तसेंच, दुरुस्ती मागाहून करतां येईल ही खात्री १९८२ सालच्या मालकालाहि नव्हती.

आतां त्या परत आलेल्या कॅसेटींचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. सप्टेंबर १९८३ मध्यें अटारीनें आपला न खपलेला माल मालमोटारींत भरून न्यू मेक्सिको प्रांतांतील अलामोगोर्डो गांवच्या कचरा-मैदानांत नेऊन पुरला आणि वर काँक्रीट ओतलें. तीस वर्षें लोक ही दंतकथा समजत. २६ एप्रिल २०१४ रोजीं मैदान खणण्यांत आलें, आणि सुमारें तेराशें कॅसेटी वर काढल्या, त्यांत 'ई.टी.' होतीच, पण चांगले खपलेले खेळहि होते. कांहींशें प्रती गांवानें लिलावांत विकल्या आणि लाखावर डॉलर मिळविले. एक प्रत वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत गेली. वॉर्शॉ यांनीं मधल्या काळांत तो धंदा सोडून मनोविकारांवर उपचार करण्याचा व्यवसाय पत्करला होता. खणतीच्या दिवशीं ते त्या मैदानावर हजर होते, आणि मातींतून निघालेली आपली कॅसेट पाहून त्यांचे डोळे भरून आले.